थोरलीच्या वाफ्यातलं एक रोप

आकेयोच्या स्वप्नात आई यायची ती नेहमी पाठमोरी. माहेरी, उयोमाच्या जुन्या परसात, केळींच्या पलीकडे, ती जमीन खणत असायची. कुदळ वर जायची, खाली यायची, आवाज मात्र होत नसे. सगळा तुकडा खणून झाला की आई कुदळ आडवी टाकायची, तिच्या दांड्यावर बसायची, हात मांडीत घ्यायची आणि मग बसूनच राहायची. भोवती कोंबड्या सावकाश फिरायच्या. ऊन उतरायचं, पुन्हा चढायचं, सावल्या केळीखालून निघून पुन्हा केळीखाली जायच्या. आकेयो डोक्यावर रोपांची टोपली घेऊन बांधावर उभी असायची. "आई, घे ना गं, सुकतील," ती म्हणायची. आई वळायची नाही. मग जाग यायची, आणि मान खरोखरच अवघडलेली असायची.

मेलेलं माणूस स्वप्नात आलं म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं, हे त्यांच्या तळ्याकाठच्या गावांत कुणाला शिकवावं लागत नाही. कुणाला नव्या बाळाला आपलं नाव ठेवून हवं असतं, कुणाला आपल्या थडग्यावर वाढलेलं गवत खपत नाही. आकेयोच्या आईला काय हवं होतं ते आकेयोला पक्कं ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं. आईला आपलं बी हवं होतं.

आई गेली तेव्हा भावांनी जमीन घेतली, गाई घेतल्या, भावजयांनी भांडी वाटून घेतली आणि आकेयोच्या हातात मुठीएवढा एक वाळका भोपळा आला. त्याच्या तळाशी चिमूटभर बी होतं, आईच्या कान्धिराचं. कान्धिरा ही पालेभाजी, आपल्या मोहरीची लांबची बहीण. पण आईचा कान्धिरा निराळा होता. देठ जांभळा, पान हाताच्या पंजाएवढं, पहिल्या दिवशी कडू आणि दुसऱ्या दिवशी दुधात शिजवला की असा गोड लागायचा की पाहुणे उठायचं नाव घेत नसत. भावजया आता पाकिटातलं बी पेरत होत्या. तेव्हा जगात त्या कान्धिराचं जे काही उरलं होतं ते त्या भोपळ्यात होतं. आकेयोच्या पोटी मूल नव्हतं. आईकडून तिच्याकडे आलेलं आणि तिच्याकडून पुढे जाऊ शकेल असं एवढंच काय ते होतं, आणि ते जपायचं म्हणजे पेरायलाच हवं होतं, कारण बीही म्हातारं होतं.

तिनं दाराशी फुटक्या घमेल्यात बी टाकलं. चौऱ्याहत्तर रोपं आली. आकेयोनं ती तीनदा मोजली.

आता अडचण होती ती थोरलीची. ओदेरोच्या दोन बायका, अलुओच आणि आकेयो. ओदेरो चार वर्षांपूर्वी वारला, पण घरं होती तिथंच होती: थोरलीचं फाटकासमोर, धाकटीचं तिच्या उजव्या हाताला. पहिली बायको म्हणजे मिकायी. आकेयो तिला त्याच नावानं हाक मारायची, आणि थोरली आकेयोला तिच्या माहेरावरून 'उयोमावाली' म्हणायची. दोघींचं भांडण नव्हतं आणि सख्यही नव्हतं. चुली वेगळ्या, कोंबड्या वेगळ्या, ओढ्याकाठचे भाजीचे वाफे शेजारी शेजारी पण वेगळे, आणि एकीनं दुसरीच्या वाफ्यात पाय घालायचा नाही. एकच गोष्ट दोघींना बांधून होती. मातीत पहिला हात मिकायीचा, मग धाकटीचा. मक्याच्या बाबतीत हे साऱ्या गावात चालतं. या घरात मात्र सासूनं तो नियम पालेभाजीलाही लावून ठेवला होता, आणि नियम मोडणाऱ्याचं काय होतं ते कुणी नीट सांगत नसे. त्यामुळेच जास्त भीती वाटायची.

आणि नेमकी मिकायी किसुमू शहराला निघून गेली होती, लेकीकडे, मोतीबिंदू काढायला. जायच्या आदल्या दिवशी तिनं आपला वाफा खणला, गवताची काडीन् काडी वेचून बाहेर फेकली आणि कोंबड्या आत सोडल्या.

"आत्ता खणलात आणि आत्ता चाललात?" आकेयोनं विचारलं होतं. "रोपं कोण लावणार?"

"पाच दिवसांनी येते. तोवर मातीला हात लावू नकोस."

पाच दिवसांचे वीस झाले. डोळा चिघळला होता, लेक सोडत नव्हती. आकेयोनं फोन केला तर पलीकडून लेक म्हणाली, "आई निजलीय. 'थांब म्हणावं तिला,' एवढंच बोललीय." एवढंच! इकडे घमेल्यात रोपं लांबुडकी झाली होती, माना टाकायला लागली होती, खालची पानं पिवळी पडत होती. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या तरी किती दिवस, आकेयो चिडून म्हणाली. चिडलेल्या माणसाला युक्ती सुचते, आणि ती नेहमी भलतीच असते.

त्या सकाळी तिनं आपला वाफा साफ केला. गुडघाभर गवत माजलं होतं, ते उपटून तिथंच मातीत खणून टाकलं, म्हणजे खतही होईल. दुपारपर्यंत वाफा तयार झाला. मग ती थोरलीच्या घराच्या वळचणीखाली गेली, तिची झिजलेली कुदळ काढली, दोरीवरचा तिचा निळा रुमाल डोक्याला बांधला, आणि थोरलीसारखीच उजव्या पायावर जरा झुकत, थोरलीच्या वाफ्यात शिरली. "मिकायी लावतेय हं," ती मातीला म्हणाली. आसपास कुणी नाही हे बघून घेतलं आणि एक रोप लावलं. मग रुमाल सोडला, कुदळ जागच्या जागी ठेवली आणि आपल्या वाफ्यात त्र्याहत्तर रोपं लावली. ऊन मऊ झालं होतं. ओढ्यावरून गार वारा येत होता. नियमही पाळला गेला आणि रोपंही लागली, या आनंदात ती गाणं गुणगुणत घरी आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकोणीस रोपं आडवी पडली होती.

कुणी उपटली नव्हती, कुणी खाल्लीही नव्हती. जमिनीलगत देठ कापला होता आणि रोप शेजारी तसंच निजलं होतं, पान न् पान शाबूत, दवानं भिजलेलं. आकेयोला क्षणभर ते स्वप्नातलंच वाटलं. इतकं ते शांत आणि नीटनेटकं होतं. बकरी असती तर पाला खाल्ला असता. कुणी दुष्टाव्यानं केलं असतं तर पाऊल उमटलं असतं. तिनं वाफ्याला काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. दुसऱ्या पहाटे आणखी चौदा गेली. तिनं चुलीतली राख आणून पानांवर मुठीमुठीनं उधळली, रोपं भुतासारखी पांढरी झाली, आणि तिसऱ्या पहाटे आणखी तेरा पांढरी रोपं आडवी झाली.

थोरलीच्या वाफ्यातलं ते एकटं रोप मात्र उभंच होतं. नुसतं उभं नव्हतं, त्याला नवं पान फुटलं होतं.

शेजारची ओबादोची आई ओढ्यावर पाण्याला यायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, आणि सुटलंच तर ती परत येऊन बघून जायची. बांधावर हंडा टेकवून तिनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं.

"अगं बाई! तुझं सगळं झोपलं आणि तिचं उभं? ती तर किसुमूत आहे ना?"

"हो ना."

"मग ते कुणी लावलं?"

आकेयोचा हात नकळत डोक्याकडे गेला, जिथं तो निळा रुमाल बांधला होता. ओबादोच्या आईला तेवढं पुरलं.

"माती ओळखते हो," ती हंडा उचलत म्हणाली. "रुमाल बांधून माणसं फसतात. माती नाही फसत. आई येते का गं स्वप्नात?"

"येते. बोलत नाही. पाठ करून बसते."

"मग झालं तर! रागावलीय. थोरली आली की पाय धर तिचे, मी सांगते. नाहीतर आज रोपं चाललीत, उद्या आणखी काय काय जाईल." आणि ती पाणी सांडत, समाधानानं निघून गेली.

त्यानंतरचे दिवस आकेयोला नीट आठवत नाहीत. ती चुलीपुढे बसायची आणि दूध उतू जायचं. दुपारी डोळा लागला की आई कुदळीच्या दांड्यावर बसलेली दिसायची, जागी झाली की वाफा दिसायचा, आणि दोन्हीकडे ती तशीच बांधावर उभी असायची, हाती काही न उरलेली. ती पहाटे जायची, आडवी रोपं उचलायची आणि ओटीत घेऊन घरी आणायची. फेकवत नव्हती. घरात एका सुपात ती वाळत पडली होती. तिला आता मातीची भीती वाटू लागली होती. अनवाणी पाय टाकताना वाटायचं, ही मला ओळखते. अठरा उरली, मग अकरा.

अकरा उरली त्या दिवशी दुपारी फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि मिकायी उतरली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा आधीपासूनच धुरकट. काठी टेकत ती घरात न जाता सरळ ओढ्याकडे चालू लागली, आपला वाफा बघायला. बघायला म्हणजे चाचपायला. आकेयो मागोमाग धावली, पण पोहोचेपर्यंत थोरली वाफ्याच्या कडेला बसली होती आणि तिची बोटं त्या रोपावर थांबली होती.

"उयोमावाले."

"जी, मिकायी."

"माझ्या वाफ्यात काय उभं आहे?"

"कान्धिरा."

"कुणी लावला?"

आकेयोच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही."

"मी किसुमूत उताणी पडले होते. एवढे लांब हात आहेत माझे?"

मग सगळं सांगावं लागलं. रुमाल, कुदळ, उजव्या पायावर झुकून चाललेली ती चाल, अगदी 'मिकायी लावतेय हं' सुद्धा. आकेयोला वाटलं होतं थोरली ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"जिवंत बाईच्या नावानं कुणी लावतं का गं?" थोरली हळूच म्हणाली. "माझ्यामागे लाव ना. तेव्हा पहिला हात तुझाच आहे. मला दिसत नाही म्हणून मी गेलेच, असं धरलंस?"

"नाही हो मिकायी, रोपं सुकत होती म्हणून..."

"रुमाल कुठाय?"

"धुऊन ठेवलाय."

"बरं केलंस. मेलेल्यांचे धुऊनच ठेवतात."

ती उठली, काठी टेकत घरी गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी आकेयो मक्याच्या पिठाचा गरम गोळा आणि वाळकी मासळी शिजवून घेऊन गेली. ताट उंबऱ्यावर ठेवलं, हाक मारली. सकाळी ताट तसंच होतं, फक्त मांजरानं मासळी नेली होती. आकेयोला तेव्हा समजलं की तिला शापाची भीती वाटत होती ती वेगळी आणि आत्ता जे वाईट वाटत होतं ते वेगळं. ही बाई इतके दिवस परक्या खाटेवर अंधारात पडून होती, आणि घरी आल्यावर तिच्या हाताला काय लागलं, तर आपल्याच जागी दुसरं कुणीतरी लावून गेलेलं एक रोप.

पाय धरायचेच, असं ठरवून ती उजाडता उजाडता बाहेर पडली. धुकं ओढ्यावरून वर चढत होतं. केळी अर्ध्याच दिसत होत्या, वरची पानं नुसती तरंगत होती. आणि तिच्या वाफ्यात, तिच्या स्वतःच्या वाफ्यात, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. हात मातीत होते. शेजारी कोंबड्या होत्या. आकेयो बांधावर थबकली. आपण अजून उठलोच नाही, असं तिला खात्रीनं वाटलं.

"आई," ती म्हणाली.

"तुझी आई म्हणे! चाळीस वर्षांनी जन्मले असते तर तुझी लेक शोभले असते," मिकायीचा आवाज आला. "ये इकडे. डबा आण कुठला तरी."

"मिकायी? माझ्या वाफ्यात?"

"तू नाही शिरलीस माझ्या? फिटलं. बस खाली. हात दे."

आकेयो बसली. थोरलीनं तिचं मनगट पकडलं, बोट धरून आज कापलेल्या एका रोपाच्या बुंध्याशी नेलं आणि पेरभर आत दाबलं. थंड माती, मग मऊ काहीतरी. आकेयोनं हात ओढला, पण थोरलीनं सोडला नाही.

"काढ बाहेर."

करड्या मातकट रंगाची, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, जाड अळी होती. हातावर येताच ती गोल वळून पडून राहिली.

"हा बघ तुझा शाप," थोरली म्हणाली. "कापलेल्या रोपापाशीच शोधायची. पोट भरलं की लांब जात नाही. जेवली, तिथंच वळकटी केली, निजली. ओदेरोसारखी."

आकेयोला हसू आलं. आवरायला गेली तर रडूही आलं, आणि दोन्ही एकदम बाहेर पडलं. थोरलीही हसली, पट्टीवर हात धरून, कारण डोळ्याला हिसका बसू द्यायचा नव्हता. नवरा वारल्यापासून दोघी एकत्र हसल्या त्या आज पहिल्यांदाच.

त्यांनी बत्तीस अळ्या वेचल्या. थोरलीला दिसत नव्हतं, पण तिची बोटं आकेयोच्या डोळ्यांपेक्षा चलाख होती. डब्यातून त्या कोंबड्यांपुढे गेल्या आणि कोंबड्यांनी भांडून संपवल्या.

"किती दिवस उघडी ठेवली होतीस माती?" थोरलीनं विचारलं.

"उघडी म्हणजे?"

"खणून, तण काढून, नुसती."

"एकही दिवस नाही. सकाळी गवत होतं, संध्याकाळी रोपं लावली."

"अगं बाई! ह्या गवतातच वाढतात. त्यांच्या तोंडचं गवत काढून घेतलंस, तेच मातीत पुरलंस म्हणजे शिळंपाकं घरातच ठेवलंस, आणि वर संध्याकाळी कोवळा कान्धिरा वाढलास. का सोडतील? माझ्या वाफ्यात तीन आठवडे काही नव्हतं खायला. निम्म्या उपाशी मेल्या, निम्म्या कोंबड्यांनी टिपल्या. म्हणून ते रोप उभं आहे. माझ्या रुमालामुळे नाही."

"म्हणजे तुम्ही फोनवर 'थांब' म्हणालात ते..."

"मग कशासाठी? मला काय तुझ्या भाजीवर राज्य करायचं होतं?" थोरली थांबली. तिनं बोटांवरची माती झाडली. "तेही होतं थोडं. खोटं कशाला बोलू? आधी मी, मग तू, हे ऐकायला बरं वाटतं गं. आता आणखी काय उरलंय माझ्याकडे?"

"मग कारण का नाही सांगितलंत?"

"मला कुठं कुणी सांगितलं? सासू म्हणायची, थांब. मी चरफडायचे. तिच्यामागून लावायचे तोवर माझी माती आपोआप उघडी राहिलेली असायची. ती गेल्यावर, पहिला हात माझा झाल्यावर, एका वर्षी घाई केली आणि सगळं घालवलं, तेव्हा कळलं. ते मी कुणाला सांगितलं नाही. थोरलीचं कसं चुकेल?" मग ती जरा नरमाईनं म्हणाली, "तुझी आई तर एवढी भाजीवाली. तिनं नाही शिकवलं?"

"लग्न होऊन इकडे आले तेव्हा लहान होते मी. आता येते स्वप्नात. पण बोलत नाही. खणते आणि नुसती बसते. मी रोपं घेऊन उभी असते तर वळून बघत नाही. रागावलीय माझ्यावर."

"नुसती बसते?"

"हो."

"कोंबड्या असतात?"

"असतात."

"किती वेळ बसते?"

"खूप. ऊन उतरतं, चढतं, पुन्हा उतरतं..."

"मग आता तिनं ढोल वाजवून सांगायला हवं होतं का?" मिकायी म्हणाली.

धुकं विरळ होत होतं आणि केळी हळूहळू बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एक होत होत्या. आई रागावली नव्हती. इतके दिवस ती मुलीला एकच गोष्ट दाखवत बसली होती, आणि मुलगी तिच्या पाठीकडे बघून रडत होती.

वाफ्यात आता नऊ रोपं उरली होती. बत्तीस वेचल्या तरी आणखी किती खाली असतील कोण जाणे. थोरली म्हणाली, आज संध्याकाळी ही नऊ माझ्या वाफ्यात न्यायची.

"तुमच्या वाफ्यात माझी रोपं?"

"लावणार मी. पहिला हात माझा, विसरलीस? तू काढून द्यायची. डॉक्टरनं वाकू नको म्हणून सांगितलंय, बसू नको म्हणून नाही सांगितलं."

संध्याकाळी तिनं आपला निळा रुमाल स्वतःच्या डोक्याला बांधला. आकेयो एकेक रोप मुठीएवढ्या मातीसकट काढायची, ती मूठ बोटांनी चाचपून आत काही निजलेलं नाही ना बघायची, आणि थोरलीच्या हातात द्यायची. थोरली बसल्या बसल्या पुढे सरकत लावत होती. प्रत्येक देठाला चिकटून दोन बाजूंनी दोन बारीक काटक्या खोचत होती. "ही देठाला मिठी मारते तेव्हाच कापता येतं तिला. मधे काठी आली की मिठी बसत नाही." मग बुंध्याभोवती कोरड्या राखेचं कडं. "पानांवर कशाला उधळलीस? ती काय पानांवरून चालत येते? राख तिच्या वाटेवर हवी. आणि दवानं भिजली की बदलायची, नाहीतर नुसता चिखल." ती बोलत होती, टोमणे मारत होती, आणि तिची बोटं प्रत्येक रोपापाशी एक क्षण जास्त थांबत होती. आकेयोनं ते पाहिलं. त्या रात्री थोरली धाकटीच्या चुलीपाशी जेवली. मीठ जास्त झालंय म्हणाली आणि दोनदा वाढून घेतलं.

चौथ्या सकाळी एक रोप पडलं. मुठीतल्या मातीतून एक अळी आलीच होती, आणि काटकी तेवढी एकीकडची निसटली होती. आकेयोनं बोट घातलं, पेरभर खोल, आणि ती काढली. नऊ राहिली, थोरलीच्या नावानं लावलेलं ते पहिलं धरून नऊ. मग ती वाढतच गेली. जांभळे देठ जाड झाले, पानं पंजाएवढी झाली. खालची पानं दोघींनी खाल्ली, दुधात, दुसऱ्या दिवशी. वरची तोडली नाहीत. शेंडे उंच गेले, पिवळी फुलं आली, मधमाश्या आल्या, शेंगा धरल्या. मिकायीची पट्टी निघाली त्या दिवशी ती आधी आरशात न बघता वाफ्यावर गेली.

"जांभळा म्हणालीस तेव्हा मला वाटलं गप्पा मारतेस," ती म्हणाली. "खरंच जांभळा आहे की गं."

शेंगा वाळल्यावर दोघींनी त्या सुपात चोळल्या, त्याच सुपात, आणि भोपळा गळ्यापर्यंत भरला. उरलेलं बी घमेल्यात टाकलं. ज्या दिवशी बी टाकलं त्याच दिवशी दोघींनी आपापले वाफे खणले, गवत वेचून पार बांधाबाहेर नेलं, आणि कोंबड्या सोडल्या.

ओबादोची आई हंडा टेकवून उभी राहिली. "एवढी चांगली माती मोकळी टाकलीय? वेड लागलं का दोघींना?"

"वाट बघतोय," आकेयो म्हणाली.

"कुणाची?"

"बसा ना तुम्ही पण."

तीन आठवडे माती उघडी राहिली. आकेयो दुपारी कुदळीच्या दांड्यावर बसायची. करण्यासारखं काही नसायचं. कोंबड्या उकरायच्या, सावली सरकायची, ओढ्याचं पाणी चालायचं, आणि घमेल्यातली रोपं आपल्या मापानं वाढायची. पूर्वी तिला असं बसणं म्हणजे वेळ फुकट गेल्यासारखं वाटलं असतं. आता कधी कधी शेजारच्या वाफ्यात मिकायीही येऊन बसायची, आणि दोघी तासभर एक शब्द न बोलता बसायच्या. बोलायची वेळ आलीच तर मिकायी म्हणायची, तुझ्या कोंबड्या माझ्या वाफ्यात येतायत.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी मिकायीनं आपल्या वाफ्यात पहिलं रोप लावलं, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डोळ्यांनी बघून. हात झटकून ती म्हणाली, "चल. उद्या तू."

त्या रात्री आई आली. उयोमाचं परस, केळी, खणलेला तुकडा, सगळं होतं तसंच. आई दांड्यावर बसली होती, पाठमोरी. आकेयो बांधावर उभी होती, डोक्यावर टोपली होती. या वेळी तिनं हाक मारली नाही. तिनं टोपली उतरवली, सावलीत ठेवली, आणि वाफ्याच्या कडेनं जाऊन आईशेजारी बसली, तिच्यासारखेच हात मांडीत घेऊन. कोंबड्या चालत होत्या. ऊन उतरलं, चढलं, पुन्हा उतरलं. किती वेळ गेला ते तिनं मोजलं नाही.

मग आई उठली. अंगावरची माती झटकली, तिच्याकडे वळली आणि रोपांसाठी हात पुढे केला.